छापलेला पदर आणि चिकटवलेली जर

खंडाळ्याहून रेल्वेनं पुण्याकडे निघालात की लोणावळ्यानंतर मळवली येतं. भाजे-कार्ल्याची लेणी बघायला तुम्ही तिथं उतरलाही असाल. राजा रविवर्मांचा छापखाना मात्र सहसा कुणी आठवत नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला आला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. इथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या.

या चित्रांतल्या रेशमी साड्यांवरून त्या काळचं रेशीम कसं होतं ते कळतं, असं बरेच जण गृहीत धरतात. (पहिल्या वर्षी मीही तसंच लिहिलं होतं.) आता मला ते पटत नाही.

पैठणीचा पदर घ्या. त्यात नक्षी वरून भरलेली नसते. वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवत विणलेली असते. म्हणून उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. शिळाछापात एकेका रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि जर म्हणजे शेवटी पिवळ्या-तपकिरी शाईचे ठिपके. चुण्या सुंदर उतरतात, अंग जाणवतं. पण वीण नाहीशी होते. काठ कसला, हे त्या ठिपक्यांतून सांगणं म्हणजे अंदाजच.

जपानात ही अडचण कमी होती. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला, पाठ पसरली की नक्षी अख्खी समोर. सतराव्या शतकातच तिथं किमोनोच्या नक्षींची छापील पुस्तकं निघू लागली. साडी अशी पसरून कोण काढणार? ती नेसलेलीच दिसते, निम्मी चुण्यांत दडलेली.

मला जास्त बोलकी वाटतात ती सजवलेली चित्रं. काही घरांत छापील देवीवर खरं रेशीम, जर, टिकल्या लावून मग काच बसवत. कला म्हणून बघाल तर नुकसानच: रविवर्मांच्या चुण्या कापडाखाली जातात, देवी सपाट होते. पण चेहरा आणि हात तसेच ठेवून नेमकं वस्त्रच झाकलंय, हे बघा ना! छापलेलं रेशीम त्यांना पुरेसं वाटलं नाही, असं मी यातून वाचते.

असं चित्र कुठे दिसलंच, तर समोरून नको, जरा बाजूला सरकून बघा. शाई तशीच राहते, जर हलते.