ई-क्रीडेतील प्रतिस्पर्धा : एक मीमांसा

ई-क्रीडेतील प्रतिस्पर्धेचे मूळ खेळाडूंच्या प्रतिभेत शोधले जाते. परंतु हे अर्धसत्य होय. कोरियाच्या ली सांग-ह्योक ऊर्फ ‘फेकर’ याने २०१३ ते २०२५ या काळात ‘लीग ऑफ लेजंड्स’ची सहा जागतिक अजिंक्यपदे एकाच संघाकडून मिळविली. मैदान टिकले, म्हणूनच टी-वन व केटी या संघांचे वैरही मुरत गेले. उलट, मूळ कोरियन ‘पब्जी’च्या ज्या मोबाइल आवृत्तीची २०१९ ची इंडिया सिरीज मुंबईच्या नमन माथुर यांच्या ‘सोल’ संघाने जिंकली, तिच्यावर २०२० मध्ये भारतात बंदी आली; तिच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ही २०२२-२३ मध्ये सुमारे दहा महिने बंद होता. यवतमाळच्या मल्लाच्या पायांखालची आखाड्याची माती अशी एका रात्रीत नाहीशी होत नाही. ई-क्रीडेत मैदानच परस्वाधीन असते. म्हणून तिच्या समीक्षेने कौशल्याआधी मैदानाच्या मालकीचा विचार करणे अगत्याचे आहे.