शत्रू बुरशी, पीकही बुरशीच

'वनस्पतींचे सुगंधी तेल वापरा, अळिंबीवरचा रोग घालवा' असा सल्ला दिला जातो. तो आकर्षक आहे. पण त्याचा आधार तपासायला हवा, असे आम्हांला वाटते.

हा आधार बहुधा काचेच्या बशीतला असतो. आगरवर रोगट बुरशी वाढवायची आणि तेलात भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवायचा. त्याभोवती बुरशी वाढली नाही, की तेल गुणकारी! सोकोविच व व्हान ग्रीन्सव्हेन यांनी 2006 साली बटण अळिंबीच्या रोगकारकांवर अनेक तेले तपासली, तेव्हा ओरेगॅनोचे तेल फार प्रभावी ठरले. इथवर तक्रार नाही.

तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. अळिंबी ही स्वतःच बुरशी आहे. सुगंधी तेलातील रेणू पेशीपटल बिघडवतात आणि दोन्ही बुरशींची पटले बरीच सारखी असतात. म्हणून रोग मेला एवढे पुरेसे नाही. त्याच मात्रेत पीक जगले का, हे पाहायलाच हवे. धिंगरीचे काड 100 लिटर पाण्यात 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिलिलिटर फॉर्मालिन घालून 16 ते 18 तास भिजवण्याची पद्धत आहे. त्या मात्रेतले कार्बेन्डाझिम हिरव्या ट्रायकोडर्माला रोखते, धिंगरी मात्र तगते. फॉर्मालिनची वाफ घातक आहे, तेव्हा या रसायनांची आम्ही तरफदारी करत नाही. निवड म्हणजे काय, ते यातून कळते, एवढेच.

नंदुरबारकरांना हा मोह अधिक पडेल. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदे या भागांत रोशा गवताचे तेल काढत. त्यातील जिरॅनिऑल बुरशीरोधक आहे. 'आपल्याच डोंगरातले औषध' म्हणायला छान वाटते. पण प्रयोग फसला तर सातपुड्यातल्या एखाद्या घराचे बियाणे, काड आणि कित्येक आठवड्यांची मेहनत जाते. काड 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणे हा साधा उपाय तर हाताशी आहेच.

शिक्षकांनी वर्गात हे करून पाहावे. निर्जंतुक काडाच्या दोन बाटल्यांत धिंगरीचे बियाणे घालावे. एकीत तेलाचे थेंब टाकावेत, दुसरीत नाही. पांढरे जाळे कुठे पसरते, ते रोज नोंदवावे. मग असा कोणताही दावा वाचताना विद्यार्थी आपणहून विचारतील: त्या बशीत पीकही ठेवले होते का?