सुमनअक्काच्या लेकराचं काय झालं?

'सैराट' टीव्हीवर लागला की आमच्या गल्लीत माणसांची अदलाबदल होते. पूर्वार्ध पोरांचा. परशाची विहिरीतली उडी, आर्चीची बुलेट, ट्रॅक्टर, गाणी, सगळं तोंडपाठ. हे जोडपं पळून हैदराबादला पोचलं की पोरं मोबाईल काढतात आणि शेजारच्या मावशी पदर सावरत पुढे सरकून बसतात. मावशींनी ऐन उमेदीची बारा वर्षं हैदराबादला बांधकामावर काढली. आम्हा माहूर-किनवटच्या माणसांना पोट भरायला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ.

पहिल्यांदा त्यांनी हा सिनेमा पाहिला, तेव्हा शेवट झाल्यावर घरात कुणी बोलेना. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "सर, त्या अक्काच्या लेकराचं मंग काय झालं?" मला वाटलं, त्या आर्चीच्या मुलाबद्दल विचारतायत. मी शेवटच्या दृश्यातल्या शांततेबद्दल काहीबाही सांगू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "ते दिसलंच की. मी सुमनअक्काच्या लेकराचं विचारायली."

मला उत्तर देता आलं नाही. सुमनअक्काला मूल आहे, हेच मी विसरून गेलो होतो.

२०१६ साली 'सैराट' आला तेव्हा त्याच्यावर काय कमी लिहिलं गेलं? जात, प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्या, अजय-अतुल, शंभर कोटींच्या घरात गेलेली कमाई. त्या ढिगात छाया कदम यांनी केलेल्या सुमनअक्काच्या वाट्याला एखादं वाक्य आलं, आणि तेही बहुधा 'मदतीला धावून येणारी बाई' असं. कथेतलं तिचं काम तेवढंच, हे खरं. रात्री गुंडांच्या तावडीतून ती या दोघांना सोडवते, वस्तीत रिकामी खोली देते, परशाला आपल्या डोशाच्या गाड्यावर उभं करते, आर्चीला कारखान्यात काम लागतं. पण हे सगळं करणारी बाई स्वतः एका लहान मुलाला घेऊन एकटी राहते. सिनेमा तिला रडवत नाही, तिची कहाणी दाखवायला भूतकाळातही जात नाही. समीक्षकाला त्यामुळे तिच्यात काही सापडलं नाही. मावशींना सापडलं. "प्रत्येक वस्तीत अशी एक बाई असतेच," त्या म्हणाल्या. "नळ तिच्या दारात असतो, म्हणून दिवसभर तिच्या दारात गर्दी. रात्री कोणी नसतं."

नळाचा तपशील पटकथेत नाही. तो मावशींच्या पदरचा. दुय्यम पात्राचं सगळं मर्म मला या भर घालण्यात दिसतं. नायक-नायिकेला प्रेक्षक सोबत करतो. एकाकी दुय्यम पात्राला मात्र तो आपल्याकडचं काहीतरी देतो, पण त्यासाठी दिग्दर्शकानं तिथं जागा मोकळी ठेवलेली असावी लागते.

माहुरात राहणाऱ्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. गडावर रेणुकामातेची पूर्ण मूर्ती नाही, नुसतं मुख आहे, शेंदूर ल्यालेला भव्य तांदळा. कथा अशी सांगतात की, जमदग्नींच्या अंत्यविधीनंतर आईसाठी व्याकूळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली: आई जमिनीतून वर येईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवलं नाही. त्यानं पाहिलं तेव्हा मुखच तेवढं वर आलं होतं. खलबत्त्यात कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकत पायऱ्या उतरणाऱ्या बायांना मी कधी उरलेल्या मूर्तीची हळहळ करताना ऐकलं नाही. दिसत नाही ते त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. सिनेमातला क्लोज-अप याच्याहून वेगळं काय मागतो?

आणखी एक गोष्ट इथलीच. देवीचा गोंधळ घालताना मुख्य गोंधळी आख्यान लावतो. संबळ-तुणतुण्याच्या साथीत एक झीलकरी सूर धरून उभा असतो. तो मधेच गोंधळ्याला तोडतो, भलतीच शंका काढतो, "मग पुढं?" विचारतो. त्याच्याशिवाय आख्यान पुढं सरकत नाही. मावशींचा प्रश्न या जातीचा होता.

मराठी सिनेमात हा प्रश्न एकदा फार मोठा झाला होता. डॉ. जब्बार पटेलांच्या 'सामना'त (१९७४) मारुती कांबळे हे पात्र जवळजवळ नाहीच. तो आधीच नाहीसा झालेला आहे. तो करणाऱ्या मोहन आगाशे यांच्या वाट्याला आठवणींत येणारी थोडीशी दृश्यं आली. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर आणि निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव यांची झुंज बघायला लोक गेले आणि बाहेर पडताना मारुती कांबळेला बरोबर घेऊन आले. त्याचं काय झालं, हा सवाल महाराष्ट्राच्या बोलण्यात असा मुरला की ज्यांनी 'सामना' पाहिलेला नाही तेही तो करतात. विजय तेंडुलकरांनी त्या माणसाला उत्तर म्हणून लिहिलं असतं, तर तो पहिल्याच आठवड्यात विसरला गेला असता.

पाच वर्षांनी याच मंडळींचा 'सिंहासन' आला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा केली. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, त्यांना खाली खेचू पाहणारे लागूंचे विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा, आणि या सगळ्यांच्या दारातून आत-बाहेर करणारा पत्रकार दिगू टिपणीस. ज्या निळू फुल्यांना पडद्यावर पाहून गावोगावच्या बाया बोटं मोडायच्या, त्यांना इथं एकच काम आहे: ऐकणं. सत्तेसाठी धावणाऱ्या पंचवीसेक माणसांत ज्याला काहीच मिळवायचं नाही असा हा एक. त्यांचं दिगू होऊन ऐकणं एकदा नीट पाहा. पापण्या अर्ध्यावर आलेल्या, मान किंचित कलती, समोरचा थाप मारतोय हे कळल्याची खूण ओठांच्या कोपऱ्यात. बोलणाऱ्या नटाचं कौतुक आपल्याकडे उदंड झालं. ऐकणाऱ्या नटावर कुणी लिहिलं नाही.

शेवटी दिगूचा तोल जातो आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. हे हसू 'अंमळ जास्त झालं' असं आमच्या मित्रांत एकमत होतं, त्यात मीही होतो. आज नाही. दोन तास सगळं ऐकून घेतलेल्या माणसाजवळ सांगायला कुणीच नसेल, तर त्यानं दुसरं काय करावं? तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पत्रकारांना दिगू आपला वाटतो, राजकारणावर बोलणारे त्याचा दाखला देतात, पण 'दिगूचं पुढं काय झालं' असं विचारणारा मला भेटलेला नाही. पटकथेनं त्याचा हिशेब पूर्ण केला. त्याला दाद मिळाली, पण मारुतीसारखा तो घरोघरी गेला नाही.

'फँड्री'तला चंक्या या दोघांच्या मधला. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी स्वतःच केलेला, सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणारा, जब्याच्या काळ्या चिमणीच्या वेडाला खतपाणी घालणारा. थेटरात लोक त्याला हसतात आणि थोड्या वेळानं आपण का हसलो म्हणून चुळबुळतात. इतक्यावरच त्याला सोडतो, कारण मला अलीकडच्या सिनेमाकडे यायचं आहे, आणि तिथली तक्रार मोठी आहे.

आताच्या मराठी सिनेमात एकाकी माणसं पुष्कळ, पण एकाकीपणाला उसंत नाही. 'झिम्मा' (२०२१) आणि 'बाईपण भारी देवा' (२०२३) यांनी बायकांना थेटरात परत आणलं, हे काम लहान नाही. आमच्या घरातल्या बायकाही ठरवून, नटूनथटून गेल्या. पण दोन्हीकडे प्रत्येकीला आपलं दुःख सांगायची पाळी मिळते. पाळी आली की गाऱ्हाणं, मग मिठी, मग गाणं. हळदीकुंकवात वाण वाटावं तसं एकेकीला दुःख वाटलेलं, कुणी राहायला नको. प्रेक्षकासाठी काही उरतच नाही. रडू येतं, प्रश्न येत नाही.

याला छेद देणारं उदाहरण आहे 'नाळ' (२०१८). चैत्या ज्यांना आईबाप समजतो त्यांनी त्याला दत्तक घेतलेलं आहे. जन्मदाती त्या घरी येते, फारसं बोलत नाही आणि निघून जाते. देविका दफ्तरदार यांनी केलेली सांभाळणारी आई उत्तमच आहे, पण घरी आल्यावर लोक बोलत राहिले ते त्या आलेल्या बाईबद्दल. २०२३ साली दुसरा भाग आला आणि चैत्या तिच्या गावी पोचला, भावंडांना भेटला. सिनेमा गोड आहे. मुलांची कामं तर फारच. माझं मत विचाराल, तर पहिल्या भागातली ती न बोललेली बाई मला तशीच हवी होती.

आणि छाया कदम? 'फँड्री'त त्या जब्याची आई होत्या, 'न्यूड'मध्ये चंद्राक्का. २०२४ साली 'लापता लेडीज' या हिंदी चित्रपटात त्यांनी रेल्वे स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई केली, तेव्हा देशभर लोक त्या एकट्या बाईच्या प्रेमात पडले. त्याच वर्षी कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या पायल कपाडियांच्या 'ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट'मध्ये त्या मुंबईतलं घर हातचं जाऊन रत्नागिरीकडे परतणारी पार्वती झाल्या. मला दोन्हीकडे सुमनअक्काच दिसत राहिली. तिच्या हाताला काम, दाराशी माणसं, आणि कुणी विचारलंच तर मोजकं उत्तर. हे बी मराठी सिनेमात पडलं होतं. उगवलं मात्र दुसऱ्याच्या वावरात, याचं मला वाईट वाटतं. सुमनअक्काला मध्यभागी ठेवून मराठीत कुणी सिनेमा काढला नाही. काढू नये, असंही मन कधी कधी म्हणतं. तिच्या लेकराचं काय झालं ते पडद्यावर कळलं, तर मावशींचा नळ कुठं राहील?

मार्च २०२५ मध्ये 'सैराट' पुन्हा थेटरांत लागला. मी मावशींना म्हटलं, चला, नांदेडला जाऊन मोठ्या पडद्यावर बघू. त्या नको म्हणाल्या. एवढ्या लांब जाऊन तास-दीड तास पोरांची गाणी कोण बघत बसणार? टीव्हीवर परवा पुन्हा लागला तेव्हा त्या आपल्या ओसरीवर मेथी निवडत होत्या. तिथूनच ओरडून म्हणाल्या, "हैदराबाद आलं की आवाज द्या मला."