मिरजेची जवारी

समीक्षा म्हटली की ती पुस्तकाचीच, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. तो मोडून मी आज एका तंबोऱ्याविषयी लिहिणार आहे. तंबोरा माझ्या आईचा. ती गेल्यावर बारा वर्षे तो गवसणीत उभा होता. यंदा मुलगी गाणे शिकू लागली म्हणून बाहेर काढला, तर आवाज पार बसलेला. मुलगी म्हणाली, “बाबा, मोबाईलमध्ये तंबोरा आहे की!” आहे खरा, आणि तो कधी उतरतही नाही. तरी मी मिरजेची गाडी धरली.

मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना मावळू लागल्यावर, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेबांनी वाद्ये करायला घेतली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते स्वतःच तंबोरे दुरुस्त करीत. असे गिऱ्हाईक दाराशी असल्यावर कारागिराला आळस कसा परवडणार?

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडी तुणाच्या लाकडाची. पण तंबोऱ्याची खरी परीक्षा घोडीवर. घोडीचा माथा सपाट दिसतो, सपाट नसतो. त्याला अगदी मंद उतार असतो. हलणारी तार त्या उताराला चाटत राहते आणि मध्ये सरकवलेला सुती दोरा ती नेमकी कुठे चाटावी ते ठरवतो. ही जवारी. माझ्यासमोर बसलेले साठीचे चाचा कानशीचे दोन हात मारीत, तार चढवीत, डोळे मिटून ऐकत आणि पुन्हा तार उतरवीत. असे चार तास चालले. मी जरा चुळबुळ केली तेव्हा म्हणाले, “मास्तर, घासलेलं परत येत नाही.” हे वाक्य मला माझ्या हस्तलिखितांवर कुणी तरी आधी सांगायला हवे होते.

शेवटी खर्ज छेडला आणि त्यातून गांधार उमटला. चारांतली एकही तार गांधारात लावलेली नव्हती! चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली ह्या वाद्यांवर लिहिताना दाखवून दिले होते, की साध्या नियमाने जे उपस्वर निघूच नयेत, तेही ह्या घोडीमुळे ऐकू येतात.

दोषही सांगतो. नव्या तंबोऱ्यांवरची प्लॅस्टिकची पांढरी वेलबुट्टी मला रुचली नाही, आणि पॉलिश इतके चकचकीत की वधूपक्षाचे भांडे वाटावे. गिऱ्हाईकच तसे मागते म्हणे. आईच्या तंबोऱ्याच्या जुन्या नक्षीतला एक तुकडा तिच्या बांगडीने निखळला आहे. चाचा नवा बसवू म्हणाले, मी नको म्हटले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. चाचांजवळ मात्र शिकाऊ पोरगा एकच होता, आणि त्याला ते अजून घोडीला हात लावू देत नाहीत.

घरी तंबोरा जुळवायला मुलीला अर्धा तास लागला. मग ती बराच वेळ नुसती छेडत राहिली आणि एकदम थांबून तारा मोजू लागली.