‘नॅचरल बॉर्न’ म्हणजे नेमकं कोण?

आजचं सगळं व्याख्यान इंग्रजीतल्या तीन शब्दांवर आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोणाला होता येईल, हे तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात एका वाक्यात सांगून टाकलंय. वय किमान ३५, देशात १४ वर्षांचं वास्तव्य, आणि माणूस ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ असला पाहिजे. पहिल्या दोन अटी कॅलेंडर घेऊन तपासता येतात. तिसरीची व्याख्या घटनेत कुठेच नाही.

मराठीत काय म्हणायचं? ‘जन्मसिद्ध नागरिक’ म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात आणि गाडी भलतीकडे जाते. मी ‘जन्मजात नागरिक’ म्हणतो. पण जन्मजात कशामुळे? जन्माच्या जागेमुळे, की आईबापांमुळे? सगळं भांडण तिथे आहे.

ही अट आली कुठून ते बघा. जुलै १७८७ मध्ये जॉन जे यांनी घटना परिषदेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं. मुद्दा असा, की सैन्याचं सर्वोच्च पद परक्यांच्या हाती जाऊ नये, ते जन्मजात नागरिकालाच मिळावं. त्यात ‘बॉर्न’ या शब्दाखाली त्यांनी रेघही ओढली होती. सप्टेंबरात एका समितीने हे शब्द मसुद्यात घातले आणि ते मंजूर झाले. चर्चेची नोंद? नाही. राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा यावर ज्यांनी आठवडेच्या आठवडे वाद घातला, त्यांनी यावर काही बोलल्याचं कागदावर दिसत नाही. स्वतःसाठी मात्र सवलत ठेवली: घटना स्वीकारताना जो नागरिक असेल, त्याला ही अट नाही. हॅमिल्टन कॅरिबियन बेटावर जन्मलेले. त्यांचंही त्यात भागत होतं!

चर्चा नाही, कारण शब्द त्यांच्या ओळखीचा होता. इंग्लंडच्या कायद्यात ‘नॅचरल बॉर्न’ प्रजाजन म्हणजे राजाच्या भूमीत जन्मलेला. १६०८ च्या कॅल्विन खटल्यापासून हे पक्कं होतं. परदेशात जन्मलेल्या इंग्रजांच्या मुलांना पार्लमेंटने वेगळे कायदे करून त्यात घेतलं. अमेरिकन काँग्रेसने १७९० मध्ये तेच केलं. नागरिकांच्या परदेशी जन्मलेल्या मुलांना ‘नॅचरल बॉर्न’ मानावं असं लिहिलं. आणि १७९५ मध्ये कायदा पुन्हा लिहिला तेव्हा ते दोन शब्द गाळले, नुसतं ‘नागरिक’ ठेवलं. का गाळले, यावर आजही दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ लावतात.

एक युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही. आईवडील दोघेही नागरिक असले तरच मूल जन्मजात नागरिक, असं काही लोक म्हणतात. आधार कोणाचा, तर स्विस पंडित व्हाटेल यांचा. पण त्यांचं पुस्तक १७५८ चं, फ्रेंचमधलं. ज्या इंग्रजी भाषांतरात हा शब्दप्रयोग येतो ते छापलं गेलं १७९७ मध्ये. म्हणजे घटना लिहून झाल्यावर दहा वर्षांनी. दुसरा आधार १८७५ च्या मायनर खटल्याचा. तो खटला बायकांच्या मताधिकाराचा होता. न्यायालय म्हणालं, नागरिक आईबापांच्या पोटी इथे जन्मलेले तर निश्चितच नागरिक. बाकीच्यांबद्दल शंका आहेत, त्या आज सोडवायची गरज नाही. पुढचं अर्धं गिळायचं आणि पहिलं अर्धं व्याख्या म्हणून सांगायचं, याला वाचन म्हणत नाहीत.

शिवाय १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला माणूस जन्मतःच नागरिक आहे, असा निकाल लागला. राष्ट्राध्यक्षपदाचा प्रश्न तिथे नव्हता. पण चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना न्यायालय त्याच इंग्रजी कायद्यापाशी गेलं. म्हणून अमेरिकेच्या भूमीत जन्मलेल्यांचा प्रश्न माझ्या मते संपलेला आहे. ओबामा होनोलुलूचे, कमला हॅरिस ओकलंडच्या. तिथे कायद्याची शंका नव्हतीच. जी होती ती वेगळी होती.

खरी अडचण परदेशात जन्मलेल्यांची आहे, आणि गंमत म्हणजे तिथे आरडाओरडा कमी झाला. जॉन मॅकेन १९३६ च्या ऑगस्टमध्ये पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले. आईवडील दोघेही अमेरिकन, वडील नौदलात. पण तेव्हाचा कायदा ‘देशाच्या हद्दीबाहेर आणि अधिकारक्षेत्राबाहेर’ जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व देत होता. कालव्याचा पट्टा हद्दीबाहेर, पण अधिकारक्षेत्राच्या आत! म्हणजे मूल दोन शब्दांच्या फटीत पडलं. ती फट काँग्रेसने ऑगस्ट १९३७ मध्ये बुजवली, तेव्हा मॅकेन अकरा महिन्यांचे होते. आता अकराव्या महिन्यात कायद्याने दिलेलं नागरिकत्व जन्मजात म्हणायचं का? काही कायदेपंडितांनी हा प्रश्न गंभीरपणे मांडला. कॅलिफोर्नियात दावाही झाला. न्यायालय म्हणालं, वादीला दावा करण्याचा अधिकारच नाही. शेवटी २००८ मध्ये सिनेटने ठराव करून त्यांना जन्मजात नागरिक ठरवलं, आणि ठरावाच्या पुरस्कर्त्यांत खुद्द ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. सद्भावना म्हणून छान. पण सिनेटच्या ठरावाने घटनेचा अर्थ ठरत नाही.

टेड क्रूझ यांचं त्याहून नाजूक. जन्म १९७०, कॅनडातल्या कॅलगरीचा. आई अमेरिकन, वडील क्युबन. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने त्यांना पात्र ठरवलं. जन्माच्या क्षणापासून जो नागरिक, ज्याला नागरिकत्वासाठी नंतर काही करावं लागत नाही, तो जन्मजात. हा अर्थ मलाही रास्त वाटतो. पण हेच क्रूझ घटना मूळ अर्थानेच वाचावी असं सांगणारे! मूळ अर्थाने वाचली तर १७९० च काय, १९३४ पर्यंत नुसत्या आईकडून परदेशी जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळतच नव्हतं, ते बापाकडूनच मिळायचं. आणि १९७१ च्या बेल्लेई खटल्यात, इटलीत अमेरिकन आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाचं नागरिकत्व वास्तव्याची अट मोडली म्हणून गेलं, ते सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं. जे काढून घेता येतं ते ‘जन्मजात’ कसं, याचं उत्तर त्या न्यायालयाने अजून कधीच दिलेलं नाही.

आपल्याकडे हा शब्दच नाही. अनुच्छेद ५८ प्रमाणे राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा, ३५ वर्षं पूर्ण असावीत, लोकसभेसाठी पात्र असावा. जन्म कुठे झाला हे घटना विचारत नाही. १९९९ मध्ये परदेशी मूळ या मुद्द्यावरून काँग्रेस फुटली आणि राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली, ते राजकारण होतं. ते मतदारांपुढे गेलं, आणि माझ्या मते तीच त्याची जागा.

तिकडे मतदारांपुढे जायची सोयच नाही. पुण्यातल्या एखाद्या संस्थेतून सहा महिन्यांचं बाळ अमेरिकन जोडपं दत्तक घेऊन जातं. ते तिथेच वाढतं, तिथल्या सैन्यात जातं, तिथेच म्हातारं होतं. त्याला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. जे यांना भीती होती ती परक्या राजपुत्राची. अट अडवते ती या बाळाला.

आणि जानेवारी २०२५ मध्ये निघालेला आदेश बघा. आई तात्पुरत्या व्हिसावर, वडील नागरिक नाहीत, ग्रीन कार्डधारकही नाहीत, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये, असा. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी लगेच रोखली. पण न्यू जर्सीत एच-वन-बीवर असलेल्या आपल्या कितीतरी घरांत त्या दिवसांत डिलिव्हरीच्या तारखा मोजल्या जात होत्या. त्या घरांना राष्ट्राध्यक्षपदाचं काही पडलेलं नव्हतं, पासपोर्टचं पडलं होतं. आदेश वाँग किम आर्कच्या निकालालाच वळसा घालू पाहतो, म्हणून पुढच्या वेळी तो निकाल आपण परिच्छेदवार वाचू. आता प्रश्न घेऊ या. मागे माईक द्या.