हसलात ना? मग सापडलात!

गणपतीत एका रात्री पडदा लावून कोणता मराठी सिनेमा दाखवायचा, हे ठरवायला आमच्या रोडपालीच्या सोसायटीत सभा भरली. एरवी आमच्या सभेला गणपूर्तीसाठी दारं ठोठवावी लागतात. पण कुणीतरी ‘सोंगाड्या’चं नाव काढलं मात्र, खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंतची माणसं खाली उतरली.

“दादा कोंडके? आणि मुलाबाळांसमोर?” चिटणीस कडाडले.

“तुम्ही पाहिलाय का पण?” मी विचारलं.

“तीनदा पाहिलाय. म्हणूनच सांगतोय!”

आता बोला! मराठी मध्यमवर्गाचं आणि दादांचं नातं ते हेच. दिवे मालवल्यावर थिएटरात शिरायचं, पोट धरून हसायचं आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडून “काय ही अभिरुची!” म्हणायचं. आम्हीही ते केलं आहे. म्हणूनच दादांबद्दल दोन शब्द, हातचं न राखता.

कृष्णा कोंडके १९३२ साली मुंबईत नायगावला गिरणगावाच्या कुशीत जन्मले. बापाची मिळकत गिरणीतली. स्वतः त्यांनी अपना बाजारात नोकरी केली, बँड वाजवला, सेवा दलाच्या कलापथकात धडे घेतले. पण माणूस उजळला तो वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात. त्यातला त्यांचा हवालदार बघायला माणसं पुन्हा पुन्हा जात. एकदा बघून भागत नसे, कारण कालचा प्रयोग आज नसे. वगाची संहिता म्हणजे नुसती खुंटी; तिच्यावर रोज त्या दिवसाचा ताजा सदरा अडकवायचा. सकाळी पेपरात मंत्री काही बोलला की रात्री दादांनी त्याला कोतवालाशेजारी उभा केलाच म्हणून समजा. वगाचा धर्मच तो. राजाची फजिती करायची आणि प्रजेला हसवायचं.

भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’तून (१९६९) त्यांना पडद्यावर आणलं आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. तमाशाच्या नादी लागलेला, आईला चळाचळा कापणारा भोळा नाम्या. ढगळ अर्धी विजार, खाली लोंबणारी नाडी आणि “आये” अशी हाक. महाराष्ट्र खुळावला.

आता त्या बदनाम द्वयर्थी विनोदाबद्दल. त्याचं यंत्र मोठं नाजूक असतं. बोलणाऱ्याला दुसरा अर्थ ठाऊक असता कामा नये. नाम्या वाक्य सरळ टाकतो. ते वाकडं होतं आपल्या डोक्यात. चेहऱ्यावर बावळटपणा असा की शपथेवर सांगावं, या पोराच्या मनात काही नाही! म्हणजे पाप कुणाचं? जो हसला त्याचं. सेन्सॉरशी दादांचे खटके उडायचे त्याचं मर्म हेच. कात्री चालवायची तर आधी अर्थ समजला हे कबूल करायला हवं. आम्हा सभ्यांचा रागही त्यातलाच. त्यांनी आपला मळ दाखवला असता तर आम्ही नाक मुरडून सुटलो असतो. त्यांनी आमचाच दाखवला.

पण मी काही दादांचा वकील नव्हे. नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची गिनीज बुकात नोंद झाली, याचा आनंद आहेच. मात्र त्या यशातच कुठंतरी गोम होती. वगात विनोद पडला की समोरचे लोक तोंडावर सांगतात. नट तो उद्या गाळतो. सिनेमात पडलेला विनोदही पंचवीस आठवडे रोज त्याच जागी येतो आणि तिकीटखिडकी म्हणते, चाललंय की! ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) निदान वर्दी होती, लाचलुचपत होती, टोचायला कुणी थोर होतं. ‘आली अंगावर’पर्यंत (१९८२) येताना नावच डोळा मारू लागलं. भोळ्यानं डोळा मारला की भोळेपणा गेला. मग उरतो तो नुसता चावटपणा. आणि फजिती कोतवालाची व्हायची ती आता नायिकेच्या पदराची होऊ लागली. राजाला हसणाऱ्या माणसानं बाईला हसावं, हे मला आजही खुपतं. अश्लील म्हणून नव्हे, सोपं म्हणून. दादांना अवघड ते जमत होतं हो!

१४ मार्च १९९८ ला दादा गेले. नावं ठेवणाऱ्यांनीही त्या दिवशी हळहळून घेतलं.

असो. बहुमतानं आमच्याकडे ‘सोंगाड्या’च लागला. रोडपालीत पोलीस मुख्यालय असल्यानं प्रेक्षकांत दोन खरे हवालदार होते. त्यांच्या देखत ‘पांडू’ म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण दादा दिसताच पहिली शिट्टी त्यांच्यातल्याच एकाची. पोरं नाडीला हसली. म्हाताऱ्या आयेच्या धाकाला हसल्या. मधेच एका वाक्याला सबंध मांडवात फक्त एकच माणूस खो खो हसला. चिटणीस!

मांडीवरच्या नातीनं मान वर करून विचारलं, “आजोबा, यात हसायचं काय आहे?”

चिटणीस उठले आणि समईत तेल आहे का ते बघायला गेले. ते सिनेमा संपेपर्यंत परत आले नाहीत.