विज्ञान-कादंबरीची शिफारस : नाव की प्रश्न?

मराठीत विज्ञानकथा वाढली ती प्रामुख्याने मासिके, दिवाळी अंक आणि स्पर्धा ह्यांच्या आश्रयाने. साहजिकच तिचा ओढा लघुकथेकडे राहिला. कादंबऱ्या त्या मानाने थोड्याच झाल्या. एखादी चांगली विज्ञान-कादंबरी सुचवावी असे एका वाचकाने दुसऱ्यास म्हटले, की बहुधा कृतीऐवजी कर्त्याचे नाव सांगितले जाते; आणि ते नाव प्रायः जयंत नारळीकर ह्यांचे असते. ही शिफारस अयोग्य नव्हे, परंतु अपुरी आहे.

खुद्द नारळीकरांना ती अपुरी वाटली असावी, असे म्हणण्यास आधार आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली, ती स्वनामाची आद्याक्षरे उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने. हस्ताक्षरही दुसऱ्याचे होते. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कर्त्याच्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. दिवंगतांविषयीचा आदर चिकित्सेस संकोच आणतो. म्हणून १९७४ ची ती कसोटी त्यांच्या कादंबरीस आज लावणे अधिकच अगत्याचे ठरते.

नाव बाजूस ठेवले, तर शिफारशीस आधार कोणता? कथेतील विज्ञान काढून घेतले असता तिच्यातील मानवी पेचही नाहीसा होत असेल, तरच ती विज्ञान-कादंबरी म्हणावी. परग्रहाचा पोशाख चढविलेली रहस्यकथा ह्या निकषास उतरत नाही.

'वामन परत न आला' ही कादंबरी मात्र उतरते. एका लुप्त, प्रगत संस्कृतीने भूगर्भात ठेवलेला ज्ञानसंचय आधुनिक शास्त्रज्ञांच्या हाती येतो व त्यातून वामन हा यंत्रमानव घडतो. आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याचे सामर्थ्य त्यास हवे आहे, हा कादंबरीचा गाभा. ही मागणी जुन्या परंपरेतील आहे. मेरी शेली ह्यांच्या 'फ्रँकेनस्टाइन' (१८१८) मधील निर्मित प्राणी सहचरी मागतो. निर्माता आधी कबूल होतो आणि मग नव्या वंशाच्या भयाने अर्धवट घडलेली ती आकृती नष्ट करतो. कारेल चापेक ह्यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) ह्या नाटकात निर्मितीचे सूत्रच जाळले जाते आणि पुढे रोबॉटच त्यासाठी याचना करतात. तिन्ही कृतींत प्रश्न एकच : वाढीचा अधिकार कोणी, कोणास व कोणत्या मर्यादेपर्यंत द्यावा?

नारळीकरांचे वेगळेपण नामकरणात आहे. पुराणातील वामनाची मागणी तीन पावलांची, म्हणजे दिसावयास अगदी अल्प. शुक्राचार्यांनी सावध केले असताही बळीने दान दिले. कादंबरीतील शास्त्रज्ञांवर मात्र बळीचे औदार्य आणि शुक्राचार्यांची सावधता ह्या दोन्ही भूमिका एकाच वेळी येऊन पडतात. पौराणिक नाव येथे अलंकार म्हणून येत नाही; ते पेचाची जाण वाचकास आगाऊ देते.

उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. पात्रे बहुधा आपापल्या विद्याशाखेची प्रतिनिधी वाटतात. त्यांचे संवाद ठिकठिकाणी व्याख्यानाकडे झुकतात. शेलीच्या निर्मात्याचा अपराधभाव जसा वाचकास छळतो, तसे येथील कोणतेच मन छळत नाही. तथापि जे घडते ते तर्काच्या शिस्तीत घडते. चमत्काराने पेच सोडविला जात नाही.

मीरा-भाईंदरसारख्या नगरातील वाचकास ह्या कादंबरीची शिफारस विशेषत्वाने करावीशी वाटते. वसईच्या खाडीच्या अलीकडे मिठागरे आणि खारफुटी ह्यांच्या शेजारी ही वस्ती पसरली आहे. येथे २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांहून अधिक झाली. लोकलगाडीने मुंबई जवळ आणली आणि इमारतीमागून इमारत उभी राहिली. एकदा गती मिळालेल्या वाढीस सीमा कोण घालणार, हा प्रश्न येथील रहिवाशास पुस्तकातून शिकावा लागत नाही. यंत्रमानवाची मागणी त्यामुळे त्यास दूरच्या भविष्यातील कल्पना वाटणार नाही.

वाचनाचा क्रम सुचवावयाचा तर प्रथम 'फ्रँकेनस्टाइन', त्यानंतर 'आर. यू. आर.' आणि शेवटी 'वामन परत न आला' असा असावा. पहिल्यात निर्णय एका व्यथित मनाचा आहे, दुसऱ्यात एका आवेगी कृतीचा. तिसऱ्यात तो विचारविनिमय करणाऱ्या जाणत्या माणसांपुढे येतो, आणि तरीही सोपा होत नाही. मुखपृष्ठावरील नाव झाकून वाचणाऱ्यासही हे जाणवेल. शिफारशीस तेवढा आधार पुरेसा आहे.